यंत्राला जात नसते, नोंदवहीचे काय?



"पोरगा हातातला मोबाईल खाली ठेवत नाही" ही तक्रार आज आर्णीच्या कोणत्याही वस्तीत ऐकू येते. बाप दिवसभर हमाली करून किंवा सेंट्रिंगच्या कामावरून थकून घरी येतो, आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून परतते, आणि चिरंजीव कोपऱ्यात बसून अंगठा चालवीत असतात. जेवायला हाक मारली तर उत्तर येते, "थांब ना माय, हायस्कोर होऊन राह्यला!" बाप रागावतो, माय मधे पडते आणि ताटातली भाकर थंड होते. हा हायस्कोर म्हणजे आहे तरी काय, आणि माणसे त्याच्यामागे एवढी हात धुऊन का लागतात, याचा विचार या वेळच्या सदरात करावा असे आम्ही ठरविले. विषय पोरकट वाटेल, पण तो आपल्या समाजाच्या एका जुन्या दुखण्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

रुपयाचे नाणे आणि तीन अक्षरे

हा खेळ मोबाईलमध्ये शिरण्यापूर्वी पेटीत होता. १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावांतून, बसस्टँडच्या आसपास आणि बाजाराच्या गल्लीत व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली होती. एक अंधारी खोली, त्यात माणसाच्या उंचीच्या दोन-चार पेट्या, पेटीला पडदा, दांडा आणि बटणे. रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू. त्या काळी डायनासोर आणि गाड्यांचा एक जपानी खेळ फार चालला. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. पण आपल्याकडे त्याला सगळे 'मुस्तफा' म्हणत, कारण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या गड्याचे नाव मुस्तफा होते. ज्यांची चाळिशी आता उलटली आहे, अशा आपल्या कितीतरी बांधवांना हे नाव वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही.

खेळ संपला की बऱ्याच पेट्यांच्या पडद्यावर सर्वात जास्त गुण मिळविणाऱ्यांची यादी येई. तीत जागा मिळाली तर आपले नाव घालता येई. पण अक्षरे तीनच, आणि तीही इंग्रजी. आमच्या पाहण्यातली काही मुले 'जे-ए-वाय' एवढेच लिहीत आणि 'भीम' तोंडाने म्हणत.

या पेटीची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावर दूर उभे राहावे लागले, ज्यांचा चहाचा कप हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवला जाई, त्यांची नातवंडे या पेटीपुढे उभी राहिली तेव्हा पेटीने आडनाव विचारले नाही. पाटलाच्या पोराचा रुपया आणि आपल्या पोराचा रुपया पेटीत पडताना सारखाच वाजला. ज्याचा हात चालला, नजर टिकली, त्याचे नाव वर. यंत्राला जात नसते.

परंतु यंत्राची आठवणही कच्ची असते. जुन्या पेट्यांपैकी बऱ्याच पेट्या लाईट गेली की सगळे विसरून जात. दिवसभर खपून केलेला पहिला नंबर लोडशेडिंगमध्ये पुसला जाई आणि यादी पुन्हा कोरी होई. मग दुसऱ्या दिवशी तो मुलगा कितीही सांगो, "काल माझा पहिला नंबर होता", त्यावर विश्वास कोणी ठेवायचा? येथूनच खरा प्रश्न सुरू होतो. पराक्रम करणे ही एक गोष्ट, आणि त्याची नोंद होणे ही दुसरी.

ओटुमवा गावची वही

ही नोंद ठेवण्याचे काम ज्या गावात सुरू झाले ते गाव न्यूयॉर्क नव्हे की टोकियो नव्हे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात ओटुमवा नावाचे नदीकाठचे गाव आहे. आपल्याकडे कापूस, तर तिकडे मका. तेथे वॉल्टर डे नावाच्या गृहस्थाने १९८१ साली 'ट्विन गॅलॅक्सीज' नावाचे गेम पार्लर उघडले. त्याआधी हा माणूस ठिकठिकाणच्या पार्लरांत हिंडून कोणत्या पेटीवर सर्वात जास्त गुण किती, हे टिपून घेत असे. १९८२ च्या फेब्रुवारीपासून त्याने ही यादी लोकांसाठी खुली केली. देशभरातून फोन येऊ लागले आणि त्या लहानशा गावाची वही जगाची वही झाली. मोठ्या शहरात कोणाला सुचले नाही ते काम आडगावच्या एका माणसाने वही-पेन्सिलीने केले, हे आर्णीकरांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच पार्लरात जानेवारी १९८४ मध्ये टिम मॅकव्हे नावाच्या १६ वर्षांच्या मुलाने 'निबलर' नावाच्या सापाच्या खेळावर १,००,००,४२,२७० गुण केले. एका खेळात एक अब्जाचा आकडा ओलांडल्याची ही पहिली नोंद. त्यासाठी तो एका नाण्यावर ४४ तासांहून अधिक वेळ खेळत राहिला. आधी खेळून राखीव जीव साठवायचे आणि त्या जिवांच्या बळावर दोन-चार मिनिटे लघवीला जाऊन यायचे, अशी रीत. गावाने त्याच्या नावाने एक दिवस जाहीर केला. पुढे इटलीतल्या एका खेळाडूने त्याच वर्षी त्याच्याहून जास्त गुण केल्याचे त्याला कितीतरी वर्षांनी कळले. तेव्हा चाळिशी ओलांडलेला मॅकव्हे पुन्हा पेटीपुढे उभा राहिला आणि २०११ मध्ये त्याने तो आकडाही मागे टाकला.

चव्वेचाळीस तास! ऐकून कोणी म्हणेल, हे वेडेपण आहे. आम्ही एवढेच म्हणू की एका जागी बसून मन एकाच कामावर ठेवण्याची ही ताकद आपल्याला अपरिचित नाही. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचीत, या आठवणीने आजही जयंतीच्या सुमारास विहारांतून आणि महाविद्यालयांतून सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, आणि आपली मुले-मुली त्यात मान खाली घालून बसतात. ताकद तीच. ती कोठे लावायची, हा आपला प्रश्न.

ज्याला शेवटपर्यंत कळले नाही

नोंद ठेवली तरी ती माणसापर्यंत पोहोचतेच असे नाही. 'अ‍ॅस्टेरॉइड्स' नावाचा अंतराळातले धोंडे फोडण्याचा खेळ १९७९ साली निघाला. १९८२ च्या नोव्हेंबरात स्कॉट सॅफ्रन नावाच्या १५ वर्षांच्या मुलाने त्यावर तीन दिवस खेळून ४,१३,३६,४४० गुण केले. पुढची २७ वर्षे हा विक्रम कोणाला मोडता आला नाही. वही ठेवणारी मंडळी त्या मुलाला सत्कारासाठी शोधत राहिली. २००२ साली त्यांना त्याचे कुटुंब सापडले तेव्हा कळले की तो १९८९ मध्येच अपघातात गेला होता. मानपत्र घरच्यांच्या हाती द्यावे लागले. २०१० साली जॉन मॅकअ‍ॅलिस्टर याने सुमारे ५८ तास खेळून हा विक्रम मोडला.

जिवंतपणी ज्याच्या हाती काही पडले नाही अशी माणसे आपल्या चळवळीत काय थोडी आहेत? धर्मांतराच्या वेळी पायी नागपूर गाठणाऱ्या कितीजणांची नावे कोणत्या वहीत आहेत? आपल्या वस्तीतल्या पहिल्या मॅट्रिक झालेल्या मुलीचे नाव तरी आपण कोठे लिहून ठेवले आहे काय?

याच ठिकाणी आमच्या माता-भगिनींसाठी एक हकीगत सांगतो. अमेरिकेतल्या डोरिस सेल्फ नावाच्या बाईंनी १९८४ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, 'क्यूबर्ट' या उड्या मारण्याच्या खेळावर ११,१२,३०० गुण करून विक्रम केला. पुढे तो मोडला गेला, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या आजीबाई तो परत मिळविण्यासाठी पुन्हा सरावाला बसल्या. २००६ मध्ये त्या वारल्या. 'हे काम पोरांचे, हे पुरुषांचे, हे तरुणांचे' अशी पाटी पेटीवर कोणी लावलेली नसते. ती आपल्या डोक्यात लावलेली असते.

माकड, पिंपे आणि दहा लाख

आता मुख्य हकीगतीकडे येऊ. 'डाँकी काँग' हा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८१ साली काढला. शिगेरू मियामोटो यांनी तो रचला. एक आडदांड गोरिला एका बाईला पळवून लोखंडी सांगाड्यावर चढून बसतो आणि वरून पिंपे लोटत राहतो. खाली एक साधा कामकरी माणूस पिंपांवरून उड्या मारीत, हातोड्याने ती फोडीत, शिड्या चढून वर जातो. पुढे हाच माणूस 'मारिओ' म्हणून जगभर गाजला.

या खेळाची एक गंमत आहे. तो संपायला केलेलाच नव्हता, पण २२ व्या लेव्हलवर तो आपोआप मरतो. कारण असे की या जुन्या यंत्राच्या मोजणीच्या एका कप्प्यात ० ते २५५ एवढेच आकडे बसतात. वेळ ठरविताना यंत्र लेव्हलच्या आकड्यात ४ मिळवते आणि त्याला १० ने गुणते. २२ अधिक ४ म्हणजे २६, आणि दहाने गुणून २६०. हा आकडा कप्प्यात मावत नाही. स्कूटरचा मीटर फिरून पुन्हा शून्यावर यावा तसा तो फिरतो आणि उरतात फक्त ४. त्यामुळे गड्याला काही सेकंदच मिळतात आणि वर पोहोचण्याआधीच तो पडतो. कितीही हुशार खेळाडू असो, शेवट सर्वांना सारखाच. मग विक्रम कशाचा? मधल्या वाटेत कोणी किती गुण गोळा केले, कोणी धोका पत्करून एखादे पिंप जास्त फोडले, त्याचा. शेवट कोणाला चुकत नाही, फरक चालण्यात असतो, हे तथागतांच्या उपासकांना वेगळे सांगायला नको.

दुसरी गंमत. पडद्यावर गुणांसाठी सहाच घरे आहेत. दहा लाख झाले की आकडा परत शून्यापासून सुरू होतो. म्हणजे दहा लाख करणाऱ्याचा पराक्रम खुद्द यंत्रही दाखवू शकत नाही. तेथे साक्षीदार लागतो, नाही तर टेप लागते. आणि साक्षीदार आला की माणूस आला. माणूस आला की ओळखपाळख आली.

स्टीव्ह वीबी हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला गृहस्थ. विमान कंपनीतली नोकरी गेल्याने तो घरी बसला होता. गॅरेजमध्ये त्याने 'डाँकी काँग'ची पेटी ठेवली होती. पोरे रडत असता, घरचे बोलत असता, तो रात्ररात्र सराव करी. पिंप कोठून कसे वळेल याच्या त्याने आकृत्या काढल्या होत्या. २००३ साली त्याने दहा लाखांच्या वर गुण करून त्याची टेप 'ट्विन गॅलॅक्सीज'कडे पाठविली. तेव्हा या खेळाचा राजा म्हणून फ्लोरिडाच्या बिली मिचेल याचे नाव होते. १९८२ पासून त्याचा दबदबा. १९९९ साली 'पॅकमॅन'वर जास्तीत जास्त शक्य तेवढे, म्हणजे ३३,३३,३६० गुण केल्याची नोंद त्याच्याच नावावर. वही ठेवणाऱ्या मंडळींत त्याची ऊठबस.

वीबीच्या टेपचे काय झाले? माणसे त्याच्या घरी जाऊन पेटी उघडून पाहून आली. पेटीतले सर्किट बोर्ड ज्या माणसाकडून आले होते त्याचे या मंडळींशी जुने वैर होते. तेवढ्यावरून संशय घेतला गेला आणि विक्रम नामंजूर झाला. वीबी खचला नाही. २००५ साली तो न्यू हॅम्पशायर राज्यातल्या 'फनस्पॉट' या मोठ्या पार्लरात गेला आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर खेळून त्याने ९,८५,६०० गुण केले. पण त्याच वेळी मिचेलची १०,४७,२०० गुणांची टेप तेथे येऊन पोहोचली. मिचेल स्वतः तेथे खेळला नाही. ती टेप मात्र फारशी चौकशी न होता मान्य झाली. समोर घाम गाळणारा मागे राहिला आणि टेप पुढे गेली. २००७ साली 'द किंग ऑफ काँग' या माहितीपटाने ही हकीगत जगापुढे मांडली. वीबी पुढे शाळेत विज्ञानाचा शिक्षक झाला. २००६ मध्ये त्याने १०,४९,१०० गुण केले आणि त्यांना मान्यताही मिळाली.

गोष्ट येथे संपली नाही. २०१८ च्या सुरुवातीला एका अभ्यासू खेळाडूने मिचेलच्या टेपांचे एक-एक चित्र तपासले. मूळ यंत्रात पडदा बदलताना चित्र एका पद्धतीने उमटते आणि संगणकावर चालणाऱ्या नकलेत ते वेगळ्या पद्धतीने उमटते, हा त्याचा मुद्दा. त्या वर्षी एप्रिलमध्ये 'ट्विन गॅलॅक्सीज'ने निकाल दिला की त्या टेपा मूळ, न बदललेल्या यंत्राच्या नाहीत, आणि मिचेलचे सर्व विक्रम वहीतून काढून टाकले. पहिले दहा लाख करण्याचा मान वीबीकडे आला. मिचेलने आरोप नाकारला आणि तो न्यायालयात गेला. 'गिनीज'ने २०२० साली त्याचे विक्रम पुन्हा मान्य केले. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंत समझोता झाला आणि त्याचे जुने आकडे इतिहास म्हणून नोंदीत परत घेण्यात आले. कोण खरा, कोण खोटा, याचा निवाडा आम्ही आर्णीत बसून करणार नाही. आणि दरम्यान नव्या मुलांनी 'डाँकी काँग'चा आकडा बारा लाखांच्याही पुढे नेला आहे.

कसोटी हवी, पण एकच

मग या हकीगतीशी आपला संबंध काय? बंधूंनो, संबंध आहे. बाहेरून आलेल्या माणसाचा पराक्रम भिंगाखाली तपासायचा आणि ओळखीतल्या माणसाचा शब्दावर मान्य करायचा, ही रीत आपण गॅरेजमधल्या वीबीपेक्षा फार आधीपासून सोसत आलो आहोत. आपल्या मुलीला बोर्डात नव्वद टक्के पडले तर शेजारी विचारतो, "कोणत्या केंद्रावर नंबर आला होता?" आपला मुलगा नोकरीला लागला तर "सवलतीत लागला" हे वाक्य पेढ्याच्या आधी घरी येते. आणि मोठ्या घरातला मुलगा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटला तर त्याला चिकाटी म्हणतात. परीक्षेच्या पेपराला जात नसते. पण गुण पाहून भुवई उंचावणाऱ्याला असते.

याला उत्तर काय? काही तरुण चिडून म्हणतात, तुमची कसोटीच आम्हाला नको. हा राग आम्ही समजू शकतो, पण हा आपला मार्ग नव्हे. बाबासाहेबांनी कसोटी कधी टाळली नाही. कोलंबिया असो की लंडन, जगातल्या अवघड कसोट्यांवर ते उतरले आणि मग बोलले. आपला आग्रह एवढाच असावा की कसोटी सर्वांना एकच असावी, ती उघड्यावर व्हावी आणि तिचा कागद सर्वांना पाहता यावा. वीबीची पेटी उघडून पाहिली यात काही वावगे नव्हते. वावगे हे, की तशीच पेटी दुसऱ्याची उघडली गेली नाही. ती उघडायला पुढे तेरा वर्षे लागली.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच तर सांगितले. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. या उपदेशाची धार दोन्ही बाजूंना आहे, हे आपण विसरतो. दुसऱ्याचे नाव मोठे म्हणून मानायचे नाही, तसेच आपल्या माणसाचे आहे म्हणूनही न तपासता मानायचे नाही. आज मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज नवी वाक्ये फिरतात. त्यांतली सगळी त्यांची असतात काय? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले आहेत. वाक्य पुढे ढकलण्याआधी ते कोणत्या खंडात आहे, हे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात हवा. जो आपल्या घरच्या दाव्याला पुरावा मागतो, त्यालाच दुसऱ्याकडे पुरावा मागण्याचा अधिकार पोहोचतो.

खेळ आणि जुगार

आता आईबापांच्या तक्रारीकडे वळू. खेळ वाईट काय? भिक्खूंनी कोणते खेळ टाळावेत याची लांबलचक यादी ब्रह्मजाल सुत्तात आहे. आठ आणि दहा घरांच्या पटावरचे खेळही तीत येतात. पण ती शिस्त भिक्खूंची. गृहस्थ असलेल्या सिगालाला तथागतांनी सांगितले तेव्हा बोट ठेवले ते जुगारावर. जुगाराचे सहा तोटे त्यांनी मोजून दिले: जिंकला तर वैर वाढते, हरला तर मन झुरते, हातचा पैसा जातो, चारचौघांत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिगालाचा हा उपदेश आवर्जून घेतला आहे.

हा फरक आज घरोघरी समजून सांगण्याची गरज आहे. जुन्या पेटीत रुपया टाकला तर फार तर रुपया जाई, आणि हाती येई तो आकडा. तो विकता येत नसे, त्यावर कर्ज काढता येत नसे. मोबाईलवरची पैसे लावायची रमी किंवा पैसे लावून संघ निवडण्याचे खेळ यांची जात वेगळी. तेथे हायस्कोर नसतो, तेथे असते फक्त बाकी. पगार, बचतगटाचे पैसे, सोयाबीनच्या बियाण्यासाठी ठेवलेली रक्कम त्यात बुडाल्याच्या गोष्टी कानांवर येत राहिल्या. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा झाला हे चांगलेच, पण पोराच्या मोबाईलवर नजर ठेवायला शिपाई येणार नाही. ती आपली आपणच ठेवायची.

बाकी जो खेळ नुसत्या गुणांसाठी आहे, त्याच्यावर सरसकट ओरडू नये असे आमचे मत आहे. पहिली गोष्ट, पोराजवळ बसून विचारावे, "सांग पाहू, यात गुण कसे मिळतात?" जो मुलगा हे नीट समजावून सांगू शकतो त्याची बुद्धी झोपलेली नाही. दुसरी गोष्ट, वेळ ठरवावा आणि तो घड्याळाने पाळावा. जेवण, अभ्यास आणि झोप यांतून मिनिटही देऊ नये. तिसरी गोष्ट, वही घालून द्यावी. आज किती गुण, कोठे चुकलो, उद्या काय करणार, हे त्याने लिहावे. ज्याला खेळातली चूक लिहायची सवय लागली त्याला गणितातली चूकही लिहिता येते. आणि चौथी गोष्ट, खोटा स्कोर दाखवून मित्रांत मिरवला तर मुसावादा वेरमणी हे शील खेळालाही लागू आहे, याची त्याला आठवण द्यावी.

२१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या विलिस गिब्सन नावाच्या १३ वर्षांच्या मुलाने जुना 'टेट्रिस' इतका पुढे नेला की १५७ व्या लेव्हलवर यंत्रच थिजले. पडणारे ठोकळे रचण्याच्या या खेळात माणसाने यंत्राला तेथवर नेल्याची ही पहिलीच वेळ. त्याच महिन्यात त्याचे वडील वारले होते. त्याने तो विक्रम वडिलांना वाहिला. त्याचा संपूर्ण खेळ जसाच्या तसा टिपलेला होता आणि कोणालाही पाहता येत होता. तेरा वर्षांच्या पोराच्या शब्दावर नव्हे, उघड्या पुराव्यावर जगाने मान डोलावली.

आमची सूचना शेवटी एवढीच. आपल्या वस्तीतल्या विहारात एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवावी. तीत वस्तीतल्या मुलामुलींच्या चांगल्या कामाची नोंद करावी. कोण अठरा तास अभ्यासाला शेवटपर्यंत बसले, कोणी तालुक्याची शर्यत जिंकली, कोण घरात पहिली पदवीधर झाली, आणि होय, कोणी कोणत्या खेळात किती गुण केले, तेही. तारीख लिहावी, पाहणाऱ्या दोघांच्या सह्या घ्याव्यात, गुणपत्रिकेची प्रत चिकटवावी. सरपंचाच्या पोराला जी अट तीच भूमिहीन मजुराच्या पोराला. महिलामंडळाने वही सांभाळावी आणि पौर्णिमेच्या वंदनेनंतर नव्या नोंदी मोठ्याने वाचाव्यात. ओटुमवात एका माणसाने हे केले. आपल्याकडे तर अख्खी वस्ती आहे. लाईट गेली तरी वहीतले अक्षर पुसले जात नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!